फ्यूजचा बिल्ला

"सौ. सविता हिस मामांकडून सप्रे..." इथपर्यंत हंड्यावर अक्षरं उमटली आणि तिसगावची लाईट गेली.

पंकजाच्या हातातलं नाव टाकायचं मशीन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. फळीवर घागरी, पराती, डबे अजून रांगेत उभे होते. लगीनसराई ऐन भरात आलेली. जो तो भांडं घ्यायचा आणि वर म्हणायचा, "नाव टाकून द्या हां, न्हाईतर आमी दिलं हे कुनाला कळायचं?" देणाऱ्याला भांड्यापेक्षा नावाची हौस जास्त, हे पंकजाला पुरतं ठाऊक होतं. शेतातल्या बोअरला पाणी लागेना म्हणून आसारामअप्पांनी हे भांड्यांचं दुकान टाकलं होतं, आणि लेक बी.कॉम. होऊन घरी आल्यावर नावं टाकायचं काम तिच्याकडे सोपवलं होतं. तिचं अक्षरच तसं वळणदार. आपल्या दुकानातून चुकीचं अक्षर आजवर बाहेर गेलेलं नाही, असं अप्पा सगळ्यांना सांगत. न विचारताही सांगत.

तिनं नव्या वायरमनला फोन लावला. बिझी. परत लावला. परत बिझी.

"हा वायरमन एकदा तावडीत सापडू दे माझ्या," समोर कुणीतरी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याला ती वर न बघताच म्हणाली. "फोन उचलत न्हाई, लाईट देत न्हाई. खांबावर चढून झोपला आसंल मेला!"

"खांबावर झोप न्हाई लागत," गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं. "लई टोचतं."

तिनं वर पाहिलं. कमरेला पक्कड, खांद्यावर दोराचं वेटोळं, उन्हानं रापलेला चेहरा... आणि आताच कुणीतरी मजेशीर काही सांगून गेल्यासारखे हसरे डोळे.

"तुमी... तुमीच का...?"

"व्हय. त्योच मी. मेलेला."

पंकजाचे कान तापले. पण चूक कबूल करायची तिच्या घराण्यात रीत नव्हती. तिनं उलट आवाज चढवला, "मग फोन का उचलत न्हाई?"

"सकाळपास्नं उचलतोच हाय की! लाईट गेली की आख्खं शिवार मलाच फोन करतंय. तुमचा नंबर लागायला दुपार झाली असती. म्हनलं, त्यापरीस समोर जाऊनच शिव्या खाव्या."

"खाल्ल्या ना? आता डीपीवर जा, लाईट जोडा."

"जातो. पन आधी ह्याचं नाव टाकायचं बघा."

त्यानं कुणाला तरी पुढं ढकललं. पंकजा काउंटरवरून वाकली. खाली एक तांबूस कुत्रा बसला होता. एक कान उभा, एक पडलेला. तो तिच्याकडे अशा भरवशानं बघत होता, की दुकानात येण्याची कल्पना त्याचीच असावी.

"ह्याचं नाव भांड्यावर टाकायचं?"

"भांड्यावर न्हाई हो, गळ्यात. पट्ट्याला बिल्ला पायजे." तो कुत्र्याशेजारी उकिडवा बसला. "ह्याचं नाव फ्यूज. जरा आवाज झाला की उडतो. टायर फुटला, उडाला. शेजारी कुकरची शिट्टी झाली, उडाला. माघं पार करंजीपतूर गेल्ता. तिथल्या एका भल्या मानसानं बांधून ठेवला, खायला घातलं, पन त्याला तरी काय कळनार कुनाचा हाय त्यो? मी गावोगाव फोटो दाखवत फिरलो, तवा कुठं घावला. गळ्यात नाव-नंबर असतं तर एका फोनात काम झालं असतं."

तो हसत हसत सांगत होता, पण त्याचा हात कुत्र्याच्या मानेवरून हलत नव्हता.

"एवढा जीव हाय तर घरी बांधून ठेवा की."

"ठेवतो की. पन आईचा लाडका हाय ना. थंडीत डीपीखाली घावलं हुतं पिल्लू, आईनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. दिवाळी झाली की आई-अण्णा ऊस तोडायला जातात कारखान्यावर. मग घरात ह्यो न मी. आईचा फोन आला की पयलं ह्याचं इचारती, मग माझं. आता कारखाना बंद हुईल, ती येईल. ती येईल तवा ह्यो दारात पायजे. बास, एवढंच मागनं हाय माझं."

पंकजा यावर काहीतरी खोचक बोलणार होती. पण तिची नजर फ्यूजच्या पडलेल्या कानावर गेली. "लाईट आना," ती म्हणाली, "मग टाकते."

फ्यूजला काउंटरच्या पायाला बांधून तो गेला, आणि थोड्याच वेळात पंखा फिरला, मशीन गुरगुरलं. घामानं निथळत तो परत आला तेव्हा पंकजानं पितळेची एक चपटी पट्टी कापून, घासून तयार ठेवली होती. बिस्किटाएवढी.

"मालकाचं नाव?"

"कानिफनाथ सहादेव शिरसाठ."

"नंबर?"

कानिफनं मान खाजवली. "माझा नंबर कायम बिझी, हे तुमीच म्हनला. तुमच्या दुकानाचाच टाका की. दुकान दिसभर उघडं, आन् फोनवर मानूस बी हजर."

"आन् कुनाचा फोन आला तर तुमाला कळवायचं कसं? तुमचा नंबर तर बिझी!"

"मी येत जाईन की इचारायला."

"रोज?"

"लागलं तर रोज."

आतून अप्पांचा खोकला ऐकू आला. त्यांना खोकला नव्हता.

पंकजानं खाली मान घातली आणि मशीन चालू केलं. एका बाजूला 'फ्यूज' आणि नंबर. मग पट्टी उलटी केली. कानिफनाथ... सहादेव... आणि तेवढ्यात मशीनच्या आवाजानं फ्यूज थरथरला. कानिफनं त्याचा पडलेला कान हातात घेतला आणि दोन बोटांत धरून हळूहळू चोळायला लागला. तारांनी चिरलेले, ठिकठिकाणी भाजलेले ते हात... आणि त्या हातांनी ते किती हळुवार चाललं होतं! फ्यूजनं डोळे मिटले. पंकजा बघत राहिली. सकाळपासून ढीगभर भांड्यांवर चाललेला तिचा हात आपल्या वळणानं चालत राहिला, आणि डोळे आपल्या वाटेनं गेले.

तिनं 'फ्यूज' वर येईल असा बिल्ला कडीत अडकवला आणि ती कडी पट्ट्यावर ठोकून बसवली. "बघून घ्या, बरोबर हाय का."

"एकदम बरोबर," कानिफ म्हणाला. बघत तो भलतीकडेच होता.

"पट्टा ढिला हाय," तिनं घाईघाईनं विषय काढला. "आत दोन बोटं जातील एवढाच ठेवायचा. जास्त ढिला आसंल तर मान काढून घेतो. आमच्या वासरानं असंच केल्तं."

तिनं दाखवायला पट्ट्याखाली दोन बोटं घातली. पलीकडून त्यानंही घातली. पट्ट्याखाली चार बोटांची भेट झाली, आणि फ्यूज बिचारा मान वर करून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि कानिफ यायला एकच गाठ पडली.

"फोन आला का?"

"कुत्रं तुमच्या पायाशी बसलंय. फोन कशाला येईल?"

"इचारलेलं बरं."

तिसऱ्या दिवशीही त्यानं विचारलं. मग तो रिवाजच पडला. कधी तो सांगायचा, की फ्यूज नाकानं फाटकाची कडी उचलतो. मग पंकजा म्हणायची, कडीला वरून तारेचा आकडा घाला, एवढं कळत न्हाई? वायरमनला तार शिकवायला लागते का? तो दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, आकडा घातला. एकदा मोबाईल काढून म्हणाला, "हरवला तर ताजा फोटो लागतो. ह्याला जरा जवळ घ्या."

पंकजानं फ्यूजला जवळ घेतलं. "मी कशाला पायजे फोटोत?"

"उंची कळावी म्हनून."

"माझी का त्याची?"

"दोघांची बी कळंल."

ती हसली आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. एव्हाना बाजारपेठेत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, की हल्ली आपल्या ओळीतली लाईट जातच नाही. गेलीच तर तार जोडायला माणूस आधीच हजर असतो. शेजारचा किराणावाला तर अप्पांना म्हणाला, "तुमची लेक हाय तवर आमाला इन्व्हर्टर नको." अप्पा नुसतेच खोकले.

आणि मग सविताचं लग्न आलं.

सविता पंकजाची शाळेपासूनची मैत्रीण. तिला दिलं होतं श्रीरामपूरकडं, बागायतदाराच्या घरात. आंदणाची भांडी सगळी अप्पांच्या दुकानातली, त्यांच्यावरची नावं सगळी पंकजाच्या हातची. मांडवातल्या लाईटीवर लक्ष ठेवायला कानिफ आला होता. पंकजा जांभळ्या साडीत होती. ती नवरीशेजारून उठून उगाचच दोनदा मांडवाच्या खांबाकडे जाऊन आली, आणि कानिफनं तेवढ्यात दोन चांगले चालणारे बल्ब काढून परत बसवले. फ्यूजला त्यानं मांडवामागे साखळीनं बांधलं होतं.

सगळं नीट पार पडलं. पाठवणीची वेळ झाली, सविता पंकजाच्या गळ्यात पडून रडली, आणि तेवढ्यात वऱ्हाडातल्या कुणा हौशी पाव्हण्यानं फटाक्यांची भली मोठी लड पेटवली.

तो आवाज असा काही झाला, की कानिफ खांबावरून उडी टाकूनच मांडवामागे पळाला. साखळी जागेवर होती. साखळीचा आकडा उघडा पडला होता. फ्यूज नव्हता.

त्या दिवशी त्यानं काय काय पालथं घातलं नाही! स्टँड, ओढा, करंजीचा घाट, सगळं झालं. गावातली पोरं गाड्या घेऊन निघाली. ग्रुपवर तो फोटो फिरला, उंची कळावी म्हणून काढलेला. पण लगीनसराईत कोण कुठल्या कुत्र्याकडे बघतं? संध्याकाळी तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. हातात रिकामी साखळी.

"फोन आला का?"

रोजचेच शब्द. पण आज त्यात थट्टा नव्हती. पंकजानं नकारार्थी मान हलवली. हा माणूस रोज येतो तेव्हा आपण दिवसभर कशाची वाट बघत असतो, ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. याचं हसू परत यावं म्हणून आपण काहीही करू, हेही कळलं. त्यावर फार विचार करावा असं तिला वाटलं नाही. ते होतंच तसं.

"येईल," ती म्हणाली. "गळ्यात बिल्ला हाय. मी स्वतः ठोकलाय. निसटायचा न्हाई."

"आईचा फोन आल्ता. कारखाना बंद झाला, निघत्यात आता." तो साखळीकडे बघत म्हणाला. "फ्यूज कुठाय म्हनली. झोपलाय म्हनलं. आईशी पयल्यांदा खोटं बोललो मी."

दुसरा दिवस तसाच गेला. दुपारी लाईट गेली, पण नवल असं की कुणी कानिफला शिव्या घालायला फोन केला नाही. फोन आले ते "घावला का रं?" म्हणून. पंकजा दुकानाचा फोन सारखा उचलून बघत होती, चालू आहे ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला.

"हॅलो, कानिफनाथ शिरसाठ हायेत का?" बाईचा आवाज असा खणखणीत, की फोनची गरजच नव्हती.

"कोन बोलतंय?"

"मी बायडाबाई, शिरामपूरहून. सविताची सासू. आगं, त्या पाव्हण्यांचे आभार मानायचेत. त्यांनी आंदनात कुत्रं दिलंय ना!"

पंकजा खुर्चीतून उठली. "कुत्रं? तांबूस? एक कान पडलेला?"

"व्हय, त्योच! लई गुनी हाय बाई. टेंपोतनं पराती काढल्या, डबे काढले, पलंग उतरवला, तर त्याच्याखालनं ह्यो बाहेर! आधी दचकलो आमी. पोरगा-सून देवदर्शनाला गेलेले, इचारायचं कुनाला? मग म्या गळ्यात बघितलं, तर रीतसर नाव टाकलेलं. म्हनलं, बाकीच्यांनी भांडी दिली, ह्या एका पाव्हन्यानं डोकं चालवलं."

"मावशी..." पंकजानं फोन कानाशी घट्ट धरला. "बिल्ल्यावर काय लिहिलंय?"

"थांब, चष्मा लावते. पुढं फ्यूज लिवलंय न् ह्यो नंबर. आन् माघं... 'कानिफनाथ सहादेव शिरसाठ यांजकडून सप्रेम भेट.' अक्षर बी कसं, बघत ऱ्हावं असं!"

पंकजा परत खुर्चीत बसली. सकाळपासून सप्रेम भेट, दुपारभर सप्रेम भेट... हाताला तेवढंच वळण! अप्पांच्या दुकानातून बाहेर गेलेली पहिली चूक, आणि ती कुत्र्याच्या गळ्यात.

कानिफला तिनं एवढंच सांगितलं, की फ्यूज सापडला, श्रीरामपूरला आहे. त्यानं आनंदानं काउंटरवर असा हात आपटला, की चार तांबे गडगडत खाली आले. अप्पांनी लगेच दुकानाचा छोटा टेंपो काढला. "मी बी येतो," ते म्हणाले. "आंदनाची भांडी नीट पोचली का, ते बघून हुईल."

गाडी कानिफनं चालवली. दाराशी पंकजा बसली. मध्ये अप्पा बसले, ऐसपैस.

शेवगाव मागं पडलं. नेवाशाच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि गार वारा खिडकीतून आत आला. पण पंकजाला घामच फुटत होता, कारण कानिफचं कौतुक थांबत नव्हतं. "बिल्ल्यानं वाचवला बघा! काय काम केलंय तुमी! मी तर म्हनतो, पंचक्रोशीतल्या समद्या कुत्र्यांना तुमच्याच हातचे बिल्ले पायजेत."

"अक्षर चुकायचं न्हाई आमच्या दुकानात," अप्पा म्हणाले.

पंकजा खिडकीबाहेर तोंड करून बसली. सांगू का... आत्ता सांगू का... असं करता करता वस्ती आलीसुद्धा.

बायडाबाईंच्या ओट्यावर थाट होता. फ्यूजच्या कपाळाला कुंकू लावलेलं, आणि तो पंकजानंच नाव टाकलेल्या नव्या कोऱ्या परातीतून दूधभाकरी खात होता. कानिफला बघताच त्यानं परात उलटी केली आणि धावत येऊन त्याच्या अंगावरच चढला. शेपूट कुठं आणि कुत्रं कुठं, कळेना. कानिफ त्याच्या मानेत तोंड खुपसून खालीच बसला. बऱ्याच वेळानं तो उठला तेव्हा डोळे पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"या या, पाव्हणे!" बायडाबाई धिप्पाड, हसतमुख बाई. त्यांनी कानिफला सतरंजीवर बसवलं आणि काही कळायच्या आत त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. "एवढी जगायेगळी भेट दिली तुमी. आहेर करायलाच पायजे."

"भेट?" टोपीखालून कानिफ म्हणाला. "मावशी, मी ह्याला न्यायला आलोय."

बायडाबाईंचं हसू मावळलं. स्वयंपाकघराच्या दारात डोकी जमली.

"न्यायला? दिलेलं आंदन कुनी माघारी न्हेतं व्हय? आमच्या घरात आलेली सुई बी माघारी जात न्हाई."

"पन मी दिलंच न्हाई!"

"मग ह्ये काय?" त्यांनी फ्यूजच्या गळ्यातला बिल्ला उलटा केला.

कानिफनं वाकून वाचलं. एकदा वाचलं. परत वाचलं. मग टोपी सावरत हळूच पंकजाकडे पाहिलं.

"चूक झाली, मावशी," पंकजा पुढं झाली. "नाव मी टाकलंय. 'सप्रेम भेट' चुकून पडलं."

बायडाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "चुकून? पोरी, तुमच्या दुकानात चूक हुत न्हाई असं तुझा बाप मला लग्नात दोन डाव सांगून गेला. मग कुत्र्याच्या गळ्यात सप्रेम भेट चुकून कशी पडती? खरं कारन सांग, न्हाईतर कुत्रं इथंच ऱ्हाईल."

सगळे तिच्याकडे बघत होते. मशीन घसरलं असं सांगता आलं असतं. लाईट कमी-जास्त झाली असंही सांगता आलं असतं, पण मग बोल वायरमनवर आला असता. पंकजानं फ्यूजकडे पाहिलं. तो कानिफच्या पायाला असा चिकटला होता, की मध्ये कागद गेला नसता. दोन दिवसांत कानिफची आई येणार... तिनं पदर घट्ट धरला.

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "मशीनच्या आवाजाला ह्यो भ्याला, तर हे त्याचा कान चोळत हुते. इतक्या मायेनं... मी त्यांच्या हाताकडं बघत ऱ्हायले. काय लिहिलं ते मला कळलंच न्हाई." एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण एकदा बांध फुटला की फुटला. "आन् खरं सांगायचं तर... मी अजून बी तिकडंच बघते."

अप्पांनी जवळचा एक तांब्या उचलला आणि त्यावरचं नाव फार बारकाईनं वाचायला घेतलं.

बायडाबाईंनी आपला मोर्चा कानिफकडे वळवला. "आन् तू रं? शिकलेला दिसतोस. बिल्ला घेतला तवा वाचला न्हाईस?"

"न्हाई."

"का?"

कानिफनं डोक्यावरची टोपी काढली. परत घातली. "मी... मी बी बिल्ल्याकडं बघत नव्हतो."

स्वयंपाकघरातून आधी एक खिदळली, मग सगळ्याच हसायला लागल्या. बायडाबाई तर पोट धरून हसल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि फ्यूजचा पट्टा स्वतः कानिफच्या हातात दिला.

"पोरी, भेट काय चुकून लिवली न्हाईस तू," त्या म्हणाल्या. "फकस्त ती आमच्या पत्त्यावर आली. न्ह्या तुमचं तुमी. पन आहेर माघारी घेनार न्हाई मी. टोपी घालून लग्नाला उभा ऱ्हा, आन् मला बोलवा."

परत निघताना अप्पा टेंपोजवळ थांबले. पुढच्या सीटकडे त्यांनी एकदा पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"मी माघं बसतो, कुत्र्याला धरून," ते म्हणाले. "ह्याचा भरवसा न्हाई. परत उडायचा."

पुढं दोघंच. उसाचे तुकडे रस्त्यावर सांडत जाणारी एक गाडी ओलांडली. मग बराच वेळ ओलांडायला काहीच नव्हतं.

"अजून बी बघतीस म्हनालीस," कानिफ समोर बघत म्हणाला. तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होता.

"गाडी चालवा गप."

"खरं हाय का तेवढं सांग."

"आता परत लिहून देऊ का? गळ्यात बांधता?"

"बांधीन की," तो म्हणाला. "पन आता नीट वाचून."

तिनं हसू दाबायला खिडकीकडे तोंड फिरवलं. मागच्या काचेतून अप्पा आणि फ्यूज, दोघंही त्यांच्याकडेच बघत होते. अप्पांनी घाईनं नजर आभाळाकडे नेली. फ्यूजनं नेली नाही.

रतनबाई, कानिफची आई, ऊसतोडीच्या गाडीतून उतरली तेव्हा फ्यूज दारात होता. तिनं त्याला आधी पोटाशी धरलं, मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग लेकाच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, "काय झालंय तुला? एवढं काय हसतूस?" आईशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं कानिफच्या जिवावर आलं. त्यानं सगळं सांगितलं.

अण्णा घरी थांबले, आणि बाजाराच्या दिवशी रतनबाई, कानिफ आणि फ्यूज अशी तिघं दुकानात आली. फ्यूजसाठी नवा बिल्ला झाला: पुढं नाव, मागं 'मालक' म्हणून कानिफ, आणि नंबर दोन. एक बिझी असला तर दुसरा. कानिफनं तो मोठ्यानं वाचून घेतला, मगच लावू दिला. जुना बिल्ला मोडीत घालायला त्यानं साफ नकार दिला. तो आता त्याच्या गाडीच्या किल्लीला होता.

रतनबाई मात्र कळश्या बघत होती. एकेक उचलून, टिचकी मारून, आवाज ऐकून. शेवटी एक निवडली आणि काउंटरवर ठेवली.

"नाव टाक पोरी."

"कुनाचं, मावशी?"

"सुनंचं."

पंकजानं मशीन कळशीवर टेकवलं. चालू मात्र केलं नाही. "सुनंचं नाव... काय?"

"मला काय इचारतीस? मला का वाचता येतं?" रतनबाईनं कळशी तिच्याकडे सरकवली. तिचे डोळे अगदी लेकासारखेच हसरे होते. "तुझ्या हाताला ठाऊक आसंल. त्यो न बघता बी बरोबर लिवतो म्हनत्यात."

आतून खोकला आला नाही. अप्पा दारात येऊन उभे होते आणि मान हलवत होते, होकाराची.

पंकजानं मशीन चालू केलं. या वेळी तिनं इकडे तिकडे कुठंही पाहिलं नाही. 'सौ. पंकजा का...'

आणि तिसगावची लाईट गेली.

पंकजा, रतनबाई, अप्पा आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं एकदमच कानिफकडे वळली.

"आलोच!" पक्कड कमरेला लावत तो पायरीवरून पळाला. पळता पळता वळून ओरडला, "कुनी हलू नका! नाव तसंच ऱ्हाऊ द्या!"

फ्यूज त्याच्यामागे धावेल असं सगळ्यांना वाटलं. दार सताड उघडं होतं, साखळी सुटी होती. पण तो काउंटरच्या आत आला, पंकजाच्या पावलावर हनुवटी टेकून आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. पंकजानं अर्ध्या नावावर बोट ठेवलं, आणि ती लाईट यायची वाट बघत बसली.